पायाळू लेकीचं दुपटं

"ताई, माझी मुलगी आज २४ दिवसांची आहे. पहिलंच बाळंतपण, म्हणून माहेरी जळगावला आले आहे. बाळ पायाळू होतं, म्हणजे पोटात डोकं वर आणि कुल्ले खाली, त्यामुळे सिझर झालं. आई रोज अंघोळीनंतर तिला धुरी देते आणि जुन्या लुगड्याच्या दुपट्यात हातपाय सरळ करून घट्ट बांधते. बांधलं की दोन-अडीच तास झोपते, सोडलं की दहा मिनिटांत दचकून उठते. पुण्याहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर बघतात आणि म्हणतात, बांधू नका, जीव गुदमरेल तिचा. आई म्हणते, तुम्हा तिघा भावंडांना असंच बांधलं, बघ कसे सरळ पाय आहेत. जन्मली तेव्हा हिचे पाय वर कानाशी जायचे, म्हणून आई पायांना जास्तच जपून, सरळ ओढून बांधते. इथे ४३ डिग्री तापमान आहे. परवा दुपटं सोडलं तर मानेवर घामोळं दिसलं. दोघींचं ऐकून ऐकून मला रडू येतं. बांधू की नको?" – एक नवी आई, जळगाव

प्रिय लेकी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना घामोळं, धुरी, सासूबाईंचा फोन हे सगळं दिसलं. दुसऱ्यांदा एकाच शब्दापाशी थांबले, पायाळू. तू तो सिझरचं कारण म्हणून सहज लिहून गेलीस. मला मात्र तुझ्या अख्ख्या पत्रात तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटला. त्याच्याकडे येतेच. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे आजची रात्र तरी निवांत जाईल.

बांध. पण हात बांध, पाय बांधू नकोस.

ती दचकते त्याला डॉक्टर मोरो रिफ्लेक्स म्हणतात. अर्न्स्ट मोरो नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी १९१८ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. आपण पडतोय असं बाळाला वाटलं, भांडं वाजलं, डोकं जरा मागे कललं की दोन्ही हात फटकन बाजूला फेकले जातात, बोटं फाकतात, आणि मग कुणाला तरी मिठी मारावी तसे हात हळूहळू छातीशी परत येतात. आज दुपारी नीट बघ, या दोन्ही हालचाली तुला वेगवेगळ्या दिसतील. तिची तब्येत उत्तम असल्याची ती खूण आहे. तपासताना डॉक्टर मुद्दाम ती बघतात. अडचण एवढीच की पोटात असताना हात फेकायला जागाच नव्हती. शेवटच्या दिवसांत चहूबाजूंनी भिंत लागायची. आता हात फेकले की पुढे काहीच लागत नाही, आणि स्वतःच्याच हाताने ती स्वतःला उठवते. साधारण तीन-चार महिन्यांत हे आपोआप ओसरतं.

तुझी आई दुपट्याने तीच भिंत परत उभी करते. गुंडाळलेली बाळं जास्त वेळ झोपतात आणि कमी दचकतात, हे अभ्यासांतूनही दिसलं आहे. तेव्हा आई उगाच काहीतरी करते असं मनात आणू नकोस. हातांच्या बाबतीत तिचं बरोबर आहे.

पायांचं मात्र चुकतंय, आणि ते मला जरा सविस्तर सांगायचंय.

मांडीचं हाड कमरेला जिथे जोडलं जातं तो खुबा. शाळेत आपण त्याला उखळीचा सांधा म्हणून शिकलो. हाडाचा गोळा एका खोलगट उखळीत बसतो. नवजात बाळाची ही उखळ बरीचशी कूर्चेची, म्हणजे कानाच्या पाळीसारखी लवचीक असते. पुरती घडलेली नसते. तिचा खोलगट आकार गोळा आत नीट बसून फिरत राहिला तरच येतो. आणि तो नीट बसतो ते बाळाचे गुडघे वर आणि बाहेर, बेडकासारखे असताना. म्हणून तर उताणं ठेवलेलं कुठलंही नवजात बाळ पाय तसे फाकवून पडतं. पाय ओढून सरळ केले, एकमेकांना जुळवून बांधले आणि रोज तासन्‌तास तसेच ठेवले, तर तो गोळा उखळीच्या कडेकडे ढकलला जातो. उखळ उथळ राहू शकते. काही बाळांत खुबा निखळतोसुद्धा. दुखत काहीच नाही, त्यामुळे बाळ रडत नाही. कळतं ते वर्ष-सव्वा वर्षाने, चालायला लागल्यावर.

मी बत्तीस वर्षं नवजात कक्षात परिचारिका होते. पहिली काही वर्षं बाळ बांधण्यात माझा हात कुणी धरत नव्हतं. वाण्याने साखरेची पुडी बांधावी तसं बांधायचे, टोक कुठे गेलं ते सापडायचं नाही. घरी जाणाऱ्या बायका हटकून म्हणायच्या, सिस्टर, एकदा करून दाखवा. मी दाखवायचे. पायांवरून हात फिरवून, गुडघे दाबून, सरळ. एके दिवशी हाडांच्या ओपीडीबाहेर एक आजी भेटल्या. सोबत सव्वा वर्षाची नात. चालताना डाव्या बाजूला लचकत होती. खुबा निखळलेला होता, ऑपरेशन ठरलं होतं, नंतर कमरेपासून पायांपर्यंत प्लास्टर. आजींनी मला ओळखलं. म्हणाल्या, "तुम्ही दाखवलंत तसंच बांधत होते मी, चार महिने." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी बरोबरच केलं ना, हे त्या मला विचारत होत्या. त्या मुलीचा खुबा बांधल्यामुळेच निखळला, असं कुणी ठामपणे सांगू शकणार नाही. अशी दुखणी बांधल्याशिवायही होतात. पण तीही पायाळू होती, हे मी नंतर केसपेपरवर वाचलं. त्या दिवसापासून मी एकाही बाळाचे पाय सरळ बांधले नाहीत.

जपानमध्येही पूर्वी तान्ह्या बाळांचे पाय सरळ गुंडाळायची पद्धत होती. तिथे शंभरातल्या एक ते साडेतीन बाळांना खुब्याचा हा त्रास व्हायचा. १९७५ च्या सुमारास देशभर मोहीम निघाली, बाळाचे पाय सरळ करून गुंडाळू नका, त्याला पाय हलवू द्या. ही शिकवण मुद्दाम आज्यांपर्यंत पोचवली, कारण घरोघरी बाळं त्याच गुंडाळत होत्या. पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण हजारी दोनच्याही खाली आलं. औषध नाही, सुई नाही, फक्त पाय मोकळे. आज्यांनी मनावर घेतलं म्हणून झालं. तुझ्या आईला हे नक्की सांग.

आता पायाळूचं. दिवस भरताना शंभरातली तीन-चार बाळं पायाळू असतात. त्यातल्या बऱ्याच बाळांचे पाय पोटात घडी घालून कानाशी गेलेले असतात, गुडघे ताठ. तुझ्या लेकीचे तसेच होते, म्हणूनच जन्मल्यावर ते वर जायचे. त्यात विकृती काही नाही. पोटातली ती सवय काही आठवड्यांत आपसूक सुटते. पण इतके दिवस तसं बसून राहिल्याने खुब्यावर आधीच ताण आलेला असतो. त्यात मुलगी. मुलींमध्ये हा त्रास मुलांपेक्षा बराच जास्त दिसतो. त्यात पहिलं बाळ, म्हणजे गर्भाशयही तंग. तुझ्या लेकीत हे तिन्ही योग एकत्र आले आहेत. आणि सिझर झालं म्हणून ती यातून सुटली असं समजू नकोस. बाहेर कुठल्या वाटेने आली यापेक्षा आत कशी बसली होती, प्रश्न त्याचा आहे.

म्हणून पायाळू मुलींची सहा आठवड्यांच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी करून घ्यावी, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. डॉक्टरांनी हाताने तपासून "ठीक आहे" म्हटलं असलं तरीही. उथळ उखळ हाताला लागतेच असं नाही. या वयात एक्स-रेचाही उपयोग नाही, कारण तो गोळा अजून हाडाचा झालेला नसतो, फोटोत उमटतच नाही. सोनोग्राफी दहा-पंधरा मिनिटांत होते, सुई नाही की काही नाही. काही निघालंच तर या वयात बहुतेकदा मऊ पट्ट्यांवर भागतं. त्याला पाव्हलिक हार्नेस म्हणतात. त्यात बाळाचे पाय काही आठवडे बेडकासारखे धरून ठेवतात. निसर्गाने तिला जशी बैठक दिली तशीच. पहिल्या सहा महिन्यांत हा उपाय चांगला लागू पडतो. वर्षानंतर कळलं तर त्या आजींच्या नातीची वाट.

घाबरवायला लिहीत नाही गं. बहुतेक पायाळू मुलींचे खुबे ठणठणीत निघतात. पण बघून खात्री करायची सोय आहे, तर ती करायची.

तोवर लंगोट बदलताना थोडं लक्ष ठेव. दोन्ही मांड्या सारख्याच फाकतात का, की एक अडते? मांडीवरच्या वळ्या दोन्हीकडे साधारण सारख्या आहेत का? उताणी ठेवून गुडघे दुमडले तर एक गुडघा खाली राहतो का? यातलं काही वाटलं किंवा खुब्यात 'कट्' असं काही हाताला जाणवलं, तर सहा आठवड्यांची वाट न बघता दाखव. स्वतः मात्र पाय ओढून, फिरवून तपासायला जाऊ नकोस. मालिशवाल्या बाई येत असतील तर त्यांनाही सांग, पाय ताणायचे नाहीत, ओढाताणीचे व्यायाम नकोत. तेल हलक्या हाताने.

"सरळ बांधलं की पाय सरळ होतात" हे तुझ्या आईचं म्हणणं मी हजारदा ऐकलं असेल. बहुतेक बाळांचे पाय जन्मताना वाकडे असतात, कारण पोटात मांडी घालून बसलेली असतात. चालायला लागल्यावर दोन वर्षांच्या आसपास ते सरळ होतात, पुढे तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुडघे थोडे आत येतात, आणि सहा-सात वर्षांत रूप पक्कं होतं. तुम्हा तिघांचे पाय सरळ झाले ते तसे होणारच होते. दुपट्याने झाले नाहीत. नशीब बलवत्तर म्हणून खुब्यांना काही झालं नाही, हे मात्र खरं.

आता बांधायचं कसं ते सांगते. आईला शेजारी बसव आणि दोघींनी मिळून कर.

जुन्या लुगड्याचं कापड उत्तमच, धुऊन धुऊन मऊ झालेलं, हवा खेळणारं. मलमलही चालेल. साधारण दोन हात लांब, दोन हात रुंद, चौकोनी. जाड दुपटं, पंचा, शाल नको. कापड शंकरपाळ्यासारखं अंथर आणि वरचं टोक वीतभर खाली दुमड. त्या दुमडीवर तिचे खांदे यायला हवेत. मान आणि डोकं कापडाच्या बाहेर. तिचे हात कोपरात दुमडून छातीवर घे. पंजे हनुवटीखाली आले तरी चालतील, उलट बरंच. हात अंगाशी सरळ खाली दाबायची गरज नाही. पोटातही ती हात असेच घेऊन बसली होती. मग डावीकडचं टोक छातीवरून नेऊन उजव्या कुशीखाली सार. उजवीकडचं टोक त्यावरून नेऊन पाठीमागे खोच. आता छातीपाशी तुझी दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. गेली नाहीत तर सैल कर, श्वास घेताना छाती फुलायला जागा हवी.

आता खालचं टोक. बघताबघता हात चुकतो तो इथेच. ते टोक पाय दुमडलेलेच राहू देऊन ढगळ वर आण, पोटाशी सैलसं खोच. म्हणजे कमरेखाली एक पिशवीच झाली पाहिजे. पिशवीत तिचे गुडघे वर येताहेत, बाहेर फाकताहेत, पाय मारते आहे, हे वरून दिसायला हवं. बांधून झालं की एक मिनिट नुसतं बघत बसा. कापड कमरेखाली हललं तर बरोबर बांधलं. काठीसारखं स्थिर राहिलं तर सोडा आणि परत बांधा. गाठ, नाडी, सेफ्टी पिन काही नको. आणि टोक सुटून वर तोंडावर येत असेल तर ते कापड लहान पडतंय, बदला. सासूबाईंना वाटणारी गुदमरायची भीती अगदीच निराधार नाही. सुटलेलं कापड नाकातोंडावर येणं हा खरा धोका आहे.

दुसरा खरा धोका पालथं होण्याचा. बांधलेलं बाळ पालथं झालं तर हात टेकून मान वळवू शकत नाही. म्हणून बांधलेलं बाळ फक्त उताणंच झोपवायचं, कुशीवरसुद्धा नाही. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना पाठीवर झोपवायची मोहीम राबवली, आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. डोक्याला आकार यावा म्हणून राईची उशी ठेवली असेल तर ती काढा. डोकं एका बाजूला चपटं होऊ नये यासाठी जागी असताना, तुमच्या डोळ्यांसमोर तिला थोडा वेळ पोटावर ठेवा. आणि बांधलेली असताना तिला तुझ्या अंथरुणात, तुझ्या पांघरुणाजवळ घेऊ नकोस. तुझ्या शेजारी तिचं वेगळं, सपाट, जरा टणक अंथरूण हवं. सिझरनंतर रात्री बाळाला पाजता पाजता डोळा लागतो, हे मी जाणते. म्हणून पाजायला घेतानाच दुपटं सोडायचं, हा नियमच कर.

पाजताना सोडायचं याला आणखी एक कारण आहे. भूक लागली की बाळ आधी मुठी तोंडाशी नेतं, चोखतं, तोंड इकडेतिकडे वळवतं. रडणं ही अगदी शेवटची खूण. हात बांधलेले असले तर पहिल्या खुणा तुला दिसतच नाहीत. २४ तासांत आठ ते बारा वेळा तरी तिने प्यायला हवं. छान झोपली आहे म्हणून दिवसा तीन-तीन, चार-चार तास तशीच राहू देऊ नकोस. पाजताना ती उघड्या अंगाने तुझ्या उघड्या छातीला लागू दे. तिची ऊब आणि तुझी ऊब एक झाली की दचकणंही थांबतं, दूधही चांगलं उतरतं.

जळगावच्या उन्हाचं काय करायचं? ४३ डिग्रीत दुपारी तिला बांधूच नका. झबलं आणि सुती लंगोट बस. टोपडं, कुंची, पायमोजे, हातमोजे सगळं काढून ठेवा. लहान बाळाच्या अंगातली उष्णता डोक्यावाटे बरीच बाहेर पडते, ते झाकलं की ती कोंडते, आणि अंग तापणं हाही झोपेतला एक धोकाच आहे. कुलर खोलीत हवा, पण झोत तिच्या अंगावर नको, आणि एक खिडकी उघडी हवी. संध्याकाळी खोली निवली की एकपदरी मलमल चालेल. ऊन-गारवा बघायचा तो मानेच्या मागे आणि छातीवर हात लावून. हातापायांवरून अंदाज बांधू नकोस, त्या वयात ते गारच लागतात आणि मग आज्या आणखी एक दुपटं चढवतात. मान ओलसर लागली, गाल लाल दिसले, श्वास भराभरा चालला की लगेच सोडायचं. ते घामोळं म्हणजे तिने तुम्हाला पाठवलेला निरोपच होता. त्यावर पावडर नको. साध्या पाण्याने पुसा, कोरडं करा, मोकळं ठेवा. दोन-तीन दिवसांत जाईल.

मग दुपारच्या दचकण्याला काय? तुझा तळहात. तिचे दोन्ही पंजे छातीवर एकत्र घे आणि त्यावर तुझा हात ठेव. दाबू नकोस, नुसता ठेव. दोन-तीन मिनिटांत तिचा श्वास संथ होताना तुला हाताखाली कळेल. मग आधी बोटं सैल कर, मग हात काढ. आणि पाळण्यात ठेवताना आधी कुल्ले टेकव, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं. डोकं आधी खाली गेलं की पडल्यासारखं वाटतं आणि ती दचकते. एवढ्याने निम्मी दचक कमी होते, मी शेकडो बायकांना करून दाखवलंय.

धुरीबद्दल थोडक्यात. वेखंड असो, ओवा असो की बाळंतशेपा, धूर तो धूर. २४ दिवसांच्या फुप्फुसाला तो सोसत नाही. आईला सांग, अंघोळ तुझ्याच हातची, तेल तुझ्याच हातचं, शेगडी मात्र बंद. या उन्हात तर तिची गरजच नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण ती लवकरच येणार आहे. बाळांचं रडणं पहिल्या महिन्यात वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, बहुधा संध्याकाळी, आणि तीन महिन्यांपर्यंत उतरतं. त्या दिवसांत घरातले सगळे म्हणतील, दुपटं सैल पडतंय, घट्ट बांधा. नाही बांधायचं. बांधूनही रडत असेल तर सोड, उचल, पाज, खांद्यावर घेऊन फिर. थकलीस तर आईकडे दे आणि दुसऱ्या खोलीत दहा मिनिटं पड. मात्र अंग १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त तापलं, दूध ओढेना, नेहमीपेक्षा सुस्त वाटली किंवा श्वास मिनिटाला साठच्या वर गेला, तर दुपट्याचा विचार सोडून थेट दवाखाना. रात्री गाडी नसेल तर १०८.

दुपटं बंद कधी करायचं? ती कुशीवर वळू बघते असं दिसलं त्या दिवशी, मग ती दोन महिन्यांची असो की तीन. मी म्हणेन, दोन महिने झाले की सवय मोडायला लागा. आधी एक हात बाहेर, तीन-चार दिवसांनी दुसरा. दोन-तीन रात्री जागरण होईल, मग होईल सगळं नीट. मान धरायला लागली की तिला कडेवर घ्या. आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पोरं कडेवर घेऊन वावरल्या, मांड्या फाकवून, गुडघे वर. खुब्यासाठी याहून चांगली बैठक कुठल्याच डॉक्टरांना सुचलेली नाही. आईला म्हण, तुझं कडेवर घेणं आम्हाला हवंय, तुझं हात बांधणंही हवंय, पायांचं तेवढं बदलू या.

हे आईशी बोलताना मोबाइलमधला व्हिडिओ पुढे करू नकोस, आणि सासूबाईंचं नाव तर मुळीच काढू नकोस. तिला बाळाच्या पायांशी बसव. पायाळू माणसाच्या पायाला आपल्याकडे मान असतो. कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळूला शोधून आणतात आणि पाय लावून घेतात. तुझ्या आईने आतापर्यंत कुणाला तरी ते सांगितलंही असेल. तिला एवढंच म्हण, "आई, हिचे पाय वेगळे बसले होते, म्हणून वेगळे जपायचे." ती समजेल. तिने ते पाय सरळ ओढले ते काळजीपोटीच. तिच्या मनात कुठे तरी धास्ती आहे की नातीचे पाय कायमचे वाकडे राहतील. ती धास्ती तू बोलून दाखव आणि तिला तिथेच थोपट. सासूबाईंना संध्याकाळी कॉल लाव आणि पाय हलताना दिसतील असं बांधलेलं बाळ दाखव. दोघींपैकी कुणालाही "तुमचं चुकलं" म्हणायची वेळ येणार नाही.

आणि तू रडतेस ते. पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं खूप जणींना होतं. चौथ्या आठवड्यातही रोज येत असेल, झोपायला मिळूनही झोप लागत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर तुझ्या डॉक्टरांना हे शब्द जसेच्या तसे सांग. टाक्यांबद्दल सांगतेस ना, तसंच.

आता तारीख. तू लिहिलंस तेव्हा ती २४ दिवसांची होती. ४२ व्या दिवशी सहा आठवडे होतात. सव्वा महिना तोवर उलटलेला असेल, त्यामुळे बाहेर पडायला आईचीही हरकत नसेल. त्याच सुमारास दीड महिन्याचे डोस असतात, पेंटाव्हॅलेंटचं इंजेक्शन, पोलिओ, रोटाव्हायरस. त्याच फेरीत खुब्याची सोनोग्राफी करून घे. आधी फोन करून लहान बाळांच्या खुब्याची सोनोग्राफी होते का ते विचार, प्रत्येक केंद्रात ती करणारे डॉक्टर असतातच असं नाही. कागदावर "पायाळू, मुलगी, पहिलं बाळ" एवढं डॉक्टरांकडून लिहून घे. इंजेक्शन मांडीत देतात, ती मांडी रात्री दुखेल, अंगही थोडं तापेल. त्या रात्री दुपटं नको. झबल्यावर झोपव आणि हात तेवढा छातीवर ठेव.